गोवराचा डोस आणि आईची मापवही

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हॉस्टेलच्या खोलीत साष्टांग घालायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात घातला आहे.) तुझी तब्येत ठणठणीत असू दे, कारण हे पत्र पचवायला ती लागणार आहे. मामीलाही नमस्कार सांग. मी बरी आहे.

त्याचं झालं असं. नर्सिंगला प्रवेश मिळाला खरा, पण लहानपणापासूनच्या सगळ्या लसींची नोंद दाखवल्याशिवाय इथे वॉर्डात पाऊल टाकू देत नाहीत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डोस किती झालेत? मी म्हटलं, आईचे रोज दोन, सकाळी एक आणि जेवताना एक. बाई हसल्या नाहीत. लसीचं कार्ड तर घर बदलताना कधीच हरवलेलं. पण आई डगमगते थोडीच! शिवणकाम करणारी बाई ती, तिच्या मापवहीत जगातलं सगळं असतं. त्यातलं पान फाडणं म्हणजे महापाप, म्हणून तिने तेरा वर्षांपूर्वीची अख्खी वहीच पार्सलने पाठवली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून वाचलं: छाती चौतीस, कंबर तीस, गळा मागून खोल. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, पाचव्या वर्षी? (ते शेजारच्या मास्तरीणबाईंचं माप. हे पटवण्यात अर्धा तास गेला.) त्याच्याच खाली आईच्या अक्षरात होतं: धाकटी, गोवर, डावा दंड, भावाने नेऊन टोचून आणलं.

मापवही सरकारदरबारी चालत नाही म्हणून त्यांनी माझं रक्त तपासलं, आणि हा डोस झालेला दिसत नाही असं सांगितलं. माझं काम पुढे दोन मिनिटांत आटोपलं. दंडात सुई, कागदावर शिक्का, वॉर्ड मोकळा. आईचं मात्र काही आटोपेना. वहीत चूक निघाली हे तिने फार मनाला लावून घेतलंय रे. वीस वर्षांत जिच्या हातून एक बाही आखूड झाली नाही, ती आता प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप तीनतीनदा घेते आणि तरी कापडाला कात्री लावायला धजत नाही. मास्तरीणबाईंचा ब्लाउज आठ दिवस तसाच पडून आहे. मला फोनवर विचारते, "कुठं चुकलं गं माझं?" आणि मी निलाजरी म्हणते, असेल कुठंतरी.

कुठं चुकलं ते तुला आणि मला चांगलं ठाऊक आहे. रांगेत आपल्या पुढच्या मुलीला सुई टोचली आणि घेरी तुला आली. नर्सबाईंनी लस बाजूला ठेवून आधी तुला पाणी पाजलं. मग आपण दोघं जे सटकलो ते थेट बागेत, घसरगुंडीवर. परतताना तू माझ्या दंडाला कापूस चिकटवलास आणि घरी गेल्यावर थोडं कण्हायचं, असं शिकवलंस. मी इतकी झकास कण्हले की आई शिलाई टाकून संध्याकाळभर माझा दंड शेकत बसली. तेव्हा मला फार मजा वाटली होती. आता आईचा फोन ठेवला की तो कापूसच आठवतो.

बाकी सर्व क्षेम. अभ्यास चालू आहे.

तुझी कटातली भागीदार,
भाची

ता. क. लिहिण्याचं खरं कारण एवढंच की रविवारी घरी जा आणि आईला सांग, वही बरोबर होती, भाऊ खोटा होता. माझी हिंमत होत नाही. तू वयाने मोठा आहेस, निदान कागदोपत्री.

आणखी एक ता. क. हिंमत होत नाही हे खोटं. मी तिला परवाच सगळं सांगून टाकलंय. आधी ती हसली, मग रडली, मग एका बैठकीत मास्तरीणबाईंचा ब्लाउज कापून मोकळी झाली. आता धाकटा भाऊ आपणहून येऊन कबूल करतो का, एवढंच तिला बघायचंय. तुला यातलं काही कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे, तेव्हा हे पत्र तुला मिळालेलंच नाही.