राहू दे, होऊ दे

४ मार्च, सोमवार

लाँड्री आज परत सुरू झाली. कपडे धुण्याचा मोठा ड्रम सोडून. त्याच्या दाराला सरकारी सील आहे.

हे गेले त्याला अजून महिना नाही झाला. भावजी सकाळी सगळ्यांना म्हणाले, "चला, कामाला लागा, हॉस्पिटलच्या चादरी कुणासाठी थांबत नाहीत." भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लाँड्री दोघा भावांची होती. आता भावजींची आणि माझी.

मी माझ्या टेबलावर बसले, आलेले गठ्ठे उतरवून घेतले. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं.

५ मार्च

वकील आले होते. भावजींनी मला आतल्या खोलीत बोलावलं, खुर्चीसुद्धा पुढे केली. एरवी मला कोण खुर्ची देतं! तेव्हाच ओळखलं, काहीतरी हवं आहे.

वकील म्हणाले, "कारखाना निरीक्षक बाई पुढच्या आठवड्यात अपघाताचे जबाब घ्यायला येतील. आपण सगळ्यांनी एकच सांगायचं. नानांनी चुकीचं ऐकलं."

नाना ड्रम चालवतात. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून. त्या दिवशी बटणापाशी तेच होते. हे ड्रममध्ये शिरले होते, अडकलेली चादर सोडवायला. आतून ओरडले, "राहू दे!" म्हणजे बंदच राहू दे, मी आत आहे. मशिनांच्या गोंगाटात भिंतीपलीकडे नानांना ऐकू आलं, "होऊ दे!" म्हणजे होऊ दे सुरू.

त्यांनी बटण दाबलं.

दार उघडं असलं की ड्रम फिरू नये म्हणून दारात एक कळ असते. ती मागेच बिघडली होती. नवी न बसवता तार जोडून टाकलेली, म्हणजे दार उघडं असलं तरी ड्रम फिरायचा. तेव्हापासून आमच्याकडे हाच नियम — आत शिरणाऱ्यानं ओरडायचं, बटणावरच्यानं ऐकायचं. "दादाचा नियम," असं भावजी म्हणतात. कायद्याला प्रत्येक कारखान्यात सुरक्षेची एक जबाबदार व्यक्ती लागते. आमच्याकडे हेच होते.

मी वकिलांना विचारलं, "नानांच्या जागी दुसरं कुणी असतं, तर बरोबर ऐकू आलं असतं का?"

वकील हसले. "वहिनी, तुम्ही दुःखात आहात."

दुःखात आहे. बहिरी नाही!

६ मार्च

ह्यांचा एक शर्ट अजून धुतलेला नाही. लाँड्रीवाल्याच्या घरात मळका शर्ट. हसले असते.

७ मार्च, गुरुवार

नानांना कान तपासायला पाठवलं. भावजींनीच. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत, वयाच्या मानानं उत्तमच. भावजींचा चेहरा असा पडला की जणू स्वतःलाच काही दुखणं निघालं! लगेच म्हणाले, "डॉक्टर काय, खोलीत बसून तपासतो. शांततेत कुणालाही ऐकू येतं."

बरोबर. हेच तर मी म्हणते आहे.

संध्याकाळी नानांकडे गेले. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. "कशाला आलात? कान झाले तपासून. आता डोळे तपासायचे राहिलेत का?" मला उत्तरं वेळेवर सुचतच नाहीत. मागून नाना आले. खाली बघत म्हणाले, "वहिनी, मी होऊ दे ऐकलं. देवाशपथ." एवढंच.

ती शेवटी म्हणाली, "ह्यांना तुरुंगात टाकणार का?" मग पाणी आणून दिलं.

९ मार्च, शनिवार

सांगून टाकलं भावजींना. तो जबाब मी देणार नाही.

"मग काय देणार?"

"नाना चुकले नाहीत, हे. ओरडून काम करायचा नियमच चुकीचा होता."

"नियम कुणाचा होता, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. ह्यांचा."

सासूबाई जपाची माळ बाजूला ठेवून उठल्या. "मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडतेस? तुझा नवरा होता तो!"

"म्हणूनच मला बोलता येतं, आई. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला घरात घेतलं नसतं."

हे कुठून आलं माझ्या तोंडात, कळत नाही. इतक्या वर्षांत त्यांच्यापुढे एवढं लांब वाक्य मी बोलले नव्हते. पण मागे घेतलं नाही.

मला ह्यांचा राग येतो. येतो म्हणजे येतो! रोज घरी येऊन गॅस बंद आहे का बघायचे, दोनदोनदा. आणि तिकडे तार जोडलेल्या दारातून आत शिरायचे. कसे शिरलात हो?

भावजी जाताना म्हणाले, "लाँड्री बंद पडली तर सगळ्यांच्या पोटावर पाय, वहिनी. तुमच्यासुद्धा."

असू दे.

१२ मार्च, मंगळवार

आज निरीक्षक बाई आल्या. माझ्याहून लहान असतील. बोलणं तुटक, पण ऐकून घेतात. भावजींनी त्यांना चहा दिला, त्यांनी तो तसाच ठेवला.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बाई, सांगून कळणार नाही. ऐका." आणि माझं म्हणणं मांडलं. ड्रमची वीज पार तोडायची. बाकी मशिनं नेहमीसारखी चालू ठेवायची. मी आत शिरून ओरडते, तुम्ही बटणापाशी उभ्या राहा आणि काय ऐकू येतं ते लिहा.

भावजी म्हणाले, "वहिनी, हे काहीतरीच!" वकील म्हणाले, "ह्याला कायद्यात काही अर्थ नाही." बाईंनी दोघांकडे पाहिलं. "मला अर्थ आहे." मग इलेक्ट्रिशियनला बोलावून फ्यूज काढून घेतले, स्वतःच्या पिशवीत टाकले, मग सील काढलं.

मी आत शिरले.

ते इथे लिहिणार नाही. फक्त एवढंच, की आत साबणाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास होता. तोच, ह्यांच्या कपड्यांना यायचा तो. काही वेळ आवाजच फुटेना. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाला मोठ्यानं हाक मारली नाही, ती काय ओरडणार? बाहेरून बाईंचा आवाज, "ऐकू येत नाही! ओरडलात का?"

मग ओरडले. कधी राहू दे, कधी होऊ दे. घसा फाटेपर्यंत.

बाहेर आले तर बटणापाशी तिघं उभे. बाई, वकील, भावजी. बाईंनी आपला कागद माझ्यापुढे धरला. किती ठिकाणी राहू देच्या जागी होऊ दे लिहिलेलं, आणि मुद्दाम कान देऊन ऐकत होत्या! वकील मात्र तोऱ्यात. "मला शेवटचं अगदी स्पष्ट ऐकू आलं. होऊ दे."

"मी राहू दे म्हटलं होतं, वकीलसाहेब. तुम्ही आत्ता मला मारलंत."

कोपऱ्यात इस्त्रीचा रोलर तेवढा वाफ सोडत होता. नाना दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले, तोंडावर पंचा धरून.

मग जबाब दिला. सगळ्यांसमोर, उभी राहून. नियम माझ्या नवऱ्याचा होता, जबाबदार व्यक्ती तेच होते, नानांचा दोष नाही. बाईंनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की.

आणि खाली सही केली.

१३ मार्च

घसा बसला आहे. सासूबाई बोलत नाहीत, त्यामुळे फारसं अडलं नाही.

१६ मार्च, शनिवार

निकाल आला. नानांवर कारवाई नाही! ठपका नियमावर आणि ह्यांच्या नावावर. दारातली कळ नवी बसल्याशिवाय ड्रम सुरू करायचा नाही. आत शिरणाऱ्यानं बटणाच्या पेटीला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. ओरडणं बंद. आणि जबाबदार व्यक्ती म्हणून नवं नाव द्यायचं.

भावजी म्हणाले, "बाहेरचा एखादा नेमू. पगारी."

मी म्हटलं, माझं द्या.

"तुम्हाला ह्यातलं काय कळतं, वहिनी? उद्या काही झालं तर पोलीस तुमच्या दारात येतील."

"येऊ देत. घर माहीत आहे त्यांना."

इस्त्रीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, "अगं बाई, कुलूपवाल्या वहिनी!" नाव पडलं वाटतं. चालेल. दुपारी बाजारात जाऊन कुलपं आणली, प्रत्येकाचा रंग वेगळा. नानांनी हिरवं घेतलं. किल्ली खिशात टाकून दोनदा वरून चाचपली.

घरी आले तर सासूबाईंनी ह्यांचा फोटो माझ्या खोलीतून काढून आपल्या खोलीत नेलेला. माझ्या भिंतीवर नुसता खिळा. नवरा माझा, पण लेक त्यांचा.

१८ मार्च, सोमवार

संध्याकाळी भावजी आले. उंबऱ्यापाशीच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, तुमचं ते ओरडणं कानातून जात नाही. तार मी जोडली होती. दादा म्हणाला होता, मशीन बंद ठेव. मी म्हटलं, ओरडून भागेल. तो भांडला माझ्याशी, मग गप्प बसला. नियम त्याचा नव्हता. माझा होता."

आत सासूबाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं.

गप्प बसले, हा ह्यांचा दोष. तो मी पुसणार नाही. पण मी चारचौघांत उभी राहून ह्यांचं नाव घेतलं, आणि हा माणूस तिथेच उभा होता!

आत यायला भावजी चप्पल काढू लागले. मी म्हटलं, "काढू नका. निरीक्षक बाईंचं ऑफिस अजून उघडं असेल. चला."