ठिबकच्या नळीच्या टोपल्या आणि माझी कणगी

मी बयाबाई भिमाजी खाडे, वय अंदाजे सत्तर, राहणार निमगाव सावा, तालुका जुन्नर. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब न्हाई, निरगुडीची काडी अजून अंधारात हातानं ओळखते. माझ्यामागं कुणी भांडू नये म्हणून सांगते, शेजारचा संपत लिहितोय.

१. घर नि मागचं अंगण माझा मुलगा ऋषी याला. पोस्टातल्या पैशात माझं कार्य करावं, उरले तर पत्रे बदलावेत.

२. मधल्या खोलीतली कणगी सून वृषाली हिला. ती लग्न होऊन आली त्या साली मी आत उभी राहून निरगुडीच्या काडीनं विणली, शेणानं सारवली. वर्षाची बाजरी मावते. तिचं बूड कधी उघडं पडू द्यायचं न्हाई. पसाभर धान्य मागं ठेवायचं, आमच्यात रीत आहे.

३. माझी धाकटी जाऊ चांगुणा. काडी किती भिजवायची, कशी सोलायची, सगळं तिला मी शिकवलं. आता ती शेतात फेकलेल्या ठिबकच्या नळ्या गोळा करती, उभ्या चिरती नि जुन्या लुगड्याच्या चिंध्या घालून टोपल्या विणती. काळं अंग, लाल काठ. ओतूरच्या सुंदरबाई शेठाणी गाडी घेऊन आल्या तेव्हा मी चहा ठेवला. म्हणाल्या, "बयाबाई, तुमची कणगी लई देखणी, पण धुता येत नाही ना. चांगुणाबाईंचं घर कोणतं?" दाखवलं. चहा मीच प्याले, दोन्ही कप.

तिच्या टोपलीला उंदीर लागत न्हाई हे खरं आहे. तेही लिही, संपत.

४. ओढ्याकाठची निरगुडी ऋषीला. चांगुणाला त्यातली एक काडी तोडू देऊ नये. नळी लवते, टोपली उभी राहायला तिला निरगुडीच लागती. बघू कशी विणती.

५. वृषाली दुपारी गिरणीत जाते म्हणून जाती नि काळी बोटं घेऊन येती. गिरणीत पीठ पांढरं असतं. तिनं चांगुणाच्या ओट्यावर बसू नये, ही माझी शेवटची इच्छा.

६. जुन्नरचा टायपिंगवाला म्हणला, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत न्हाई. खरं-खोटं त्याला ठाऊक. म्हणून चांगुणालाच साक्षीला बोलावलं.

संपतनं तिला वाचून दाखवलं. ती म्हणली, "आक्का, निरगुडी ऱ्हाऊ द्या तुमाला. वृषालीची वीण बघितली का कधी?"

"मी कशाला बघू?"

"बघा की. तुमच्यावानी डावीकडं वळवती. उजवीकडं वळव म्हणून माझं तोंड दुखलं, आयकत न्हाई. टोपली माझ्या ओट्यावर व्हती, पण हात तुमचाच."

संपतला वाटलं झालं, त्यानं पेनाला टोपण लावलं. मी ते काढायला लावलं.

७. कलम पाच रद्द. कलम चार तसंच राहील. काडी सोलायचा सुरा द्यायचा राहिला व्हता, तो वृषालीला. चांगुणाच्या ओट्यावर बसली तरी माझ्याच सुऱ्यानं सोलावी.

समजून उमजून अंगठा केला.

निमगाव सावा, १२ मे २००६

बयाबाई भिमाजी खाडे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
गेणभाऊ सोमाजी खाडे (सही)
चांगुणा धर्माजी खाडे (सही. तिला येती.)