शब्दाखालचं टिंब

३ मार्च

लॅटिन-इटालियनचा कोश पुन्हा निघणार! कोश लिहिणारे सर स्वतः जिना चढून माझ्या छापखान्यात आले. धापा टाकत म्हणाले, "काय शेठ, पोट सुटलं तुझं!" म्हटलं, "तुमच्याच कोशावर पोसलंय."

६ मार्च

तपासणी सुरू. रीत जुनीच. सर शब्द मोठ्यानं वाचणार. मी हस्तलिखिताकडे न बघता, नुसतं ऐकून, ज्या अक्षरावर जोर पडला त्याखाली माझ्या बिनटिंबाच्या प्रतीत टिंब देणार. मग त्यांच्या टिंबांशी ताळा. जुळलं तर छपाई.

पहिल्या आवृत्तीच्या वेळी मी साधा खिळे जुळवणारा. शाळा अर्धवट, परकी भाषा एकही नाही. सर म्हणाले होते, "म्हणूनच तू हवास. भाषा येणारा सवयीनं टिंब देतो. तू ऐकून देशील." इटालियनमधला 'आंकोरा' तर पाठच झाला — जोर पहिल्या अक्षरावर दिला की जहाजाचा नांगर, मधल्यावर दिला की 'अजून'! घरी जाऊन बायकोला ऐकवायचो. ती म्हणायची, "टाका तो नांगर आणि जेवायला बसा." काय दिवस होते!

११ मार्च

टिंबं जुळत नाहीत. सर शब्दांचे शेवट खातात.

१५ मार्च

आज कहर. प्रत्येक शब्द ताणून, भुवया चढवून, टेबलावर ओणवे होऊन वाचत होते — पहिलीच्या वर्गापुढे वाचावं तसे. तरी पानभर चुका. बिचारे थकले. असंच चाललं तर कोश पुरा व्हायचा नाही. वाचायला त्यांच्या मुलीला बसवावं? पण हे त्यांच्या तोंडावर सांगायचं कोणी? जन्म गेला त्यांचा यात.

१८ मार्च

मुलीला जिन्यात गाठलं. "बाबांचा आवाज बसलाय गं. आता तूच वाच."

ती माझा हात धरून, अगदी जवळ येऊन म्हणाली, "काका, बाबा घरी हळूच बोलतात. इथेच ओरडतात. परवा घसा सुजला, डॉक्टरकडे न्यावं लागलं. मला म्हणाले, 'त्याला कळू देऊ नकोस. सगळा कोश त्याच्या कानांवर उभा राहिलाय.'"

१९ मार्च

सरांच्या हातातली पानं काढून घेतली. म्हटलं, "आता तुमची टिंबं बघून मी वाचतो, तुम्ही ऐका."

"आणि तुझा जोर चुकला तर?"

"ओरडा! सवय झालीच आहे."