‘भुयार ३’बद्दल माझे अंदाज

२ मार्च
‘भुयार’ गेमच्या स्टुडिओने सहा वर्षांनी तोंड उघडलं! एकच फोटो, खाली एकच ओळ: ‘नवं इंजिन तयार आहे.’ फोटोत टेबल, दिवा आणि दोन खुर्च्या. दोन! म्हणजे ‘भुयार ३’ येतोय आणि तोही पहिल्या दोन भागांसारखा, दोघांनी एका सोफ्यावर बसून खेळायचा. शितावरून भाताची परीक्षा. फोरमवरचे शहाणे दिव्याच्या मॉडेलवर भांडतायत. भांडोत बापडे.
फोटो लगेच ढोल्याला पाठवला. वरच्या मजल्यावर राहायचा तेव्हा रोज संध्याकाळी खाली यायचा. गेममध्ये कंदील त्याच्याकडे, खणायचं काम माझ्याकडे. मग लग्न, मग बदली. सध्या दुसऱ्या शहरात आहे. तात्पुरता.

३ मार्च
ढोल्याचं उत्तर आलं. अंगठा. नुसता अंगठा पाठवायला अख्खा दिवस लावला, म्हणजे पूर्ण विचार करून पाठवलाय.

५ मार्च
ताईचा फोन. ते इंजिन डिझेलवर चालतं का, म्हणाली. समजावून सांगितलं की इंजिन म्हणजे गेमच्या पोटातली यंत्रणा. उजेड, सावल्या, माणसांचं चालणं सगळं तीच सांभाळते. म्हणाली बरं, आणि तू जेवलास का? हिच्याशी तांत्रिक विषय बोलण्यात अर्थ नाही.

९ मार्च
स्टुडिओची नोकरीची जाहिरात. पावलांचे आवाज तयार करायला माणूस हवाय. एका माणसाच्या दोन पायांसाठी कोणी वेगळा पगारी माणूस ठेवेल? पाय चार आहेत! फोरमवर सविस्तर लेख टाकला. तिघांनी वाचला. त्यातला एक मी, चुका तपासायला.

१२ मार्च
आज दुकानात जरा गडबड झाली. चष्म्याच्या काचा घासताना इंजिनचा विचार चालू होता; डावी काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक तासाभरात परत. म्हणे जिन्याच्या पायऱ्या हलतात. मालकांनी विचारलं, लक्ष कुठे असतं? म्हटलं, इंजिनात. म्हणाले, मग गॅरेजमध्ये जा. मालक तसे विनोदी आहेत. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही, त्यामुळे विचार करायला निवांत वेळ मिळाला.
संकल्प: घोषणा होईपर्यंत ढोल्याला मेसेज करायचा नाही. माणसाने आपली किंमत राखावी.

१३ मार्च
केला. पण कामाचाच होता. घोषणा एकवीसला, शनिवारी आहे आणि त्याच दुपारी गेमचा पहिला तुकडा फुकट खेळायला मिळणार. ये, म्हटलं.
उत्तर: ‘बघू रे, बाळाचं जमलं तर.’
नीट पाहिलं तर यात ‘नाही’ कुठेच नाही. ‘बघू’ तर तो वर राहायचा तेव्हाही म्हणायचा आणि पाच मिनिटांत दार वाजवायचा. शिवाय ‘रे’! परक्या माणसाला कोणी रे म्हणतं का? येतोय.

१७ मार्च
नवा कंट्रोलर आणला. जुन्यातल्या एकाचं बटण अडकतं, पाहुण्याला तो कसा द्यायचा? सोफ्याच्या ढोल्याच्या बाजूला कपड्यांचा डोंगर होता, तो हलवला. खाली सोफा अगदी नवा निघाला. माझी बाजू मात्र पार बसलीय. उगाचच थोडा वेळ त्याच्या बाजूला बसून पाहिलं. बरं नाही वाटलं. उठलो.
मला एकटं वगैरे वाटत नाही. कामंच इतकी आहेत.

२१ मार्च, सकाळ
जिंकलो! अक्षर न् अक्षर खरं ठरलं! दोन खेळाडू, एक स्क्रीन, एक सोफा. नव्या इंजिनमुळे एकाच्या कंदिलाचा उजेड दुसऱ्याच्या तोंडावर पडतो. स्टुडिओच्या बाई अभिमानाने म्हणाल्या, हा गेम एकट्याने खेळताच येणार नाही. फोरमवर मला सगळे एकदम गुरुजी म्हणायला लागले.
ढोल्याला फोन केला. आधी खूप हसला, अभिनंदन म्हणाला. मग म्हणाला, अरे, मी कन्सोल केव्हाच विकला, आता कोण खेळतं? मी विचारलं, निघालास का? तो हळूच म्हणाला, तू खरंच वाट बघत होतास? मी म्हटलं छे, गंमत केली, मला तरी कुठे वेळ आहे? मागे बाळ रडत होतं. ठेवतो, म्हणाला.

२१ मार्च, दुपार
घाबरायचं कारण नाही. एक कंट्रोलर हातात, दुसरा जमिनीवर, पायाच्या अंगठ्याखाली. पहिलं दार दोघांनी एकदम ढकलायचं असतं. सातआठदा पडलो, पण उघडलं! स्वतःलाच शाबास म्हटलं. मोठ्याने.
पुढे भुयार सुरू. कंदीलवाला पुढे, खणणारा मागे. अंगठ्याने चालवलेला कंदीलवाला भिंतीवर आपटत राहतो आणि खणणारा अंधारात. पायाला गोळा आला म्हणून दोन्ही कंट्रोलर सोडले. इंजिन खरंच भारी आहे. कोणी काही दाबलं नाही तरी कंदीलवाला आपणहून मागे वळला आणि कंदील वर धरून जोडीदाराला शोधायला लागला.
बंद केलं. मला ढोल्या यायला हवा होता. गेम काय, कुठलाही चालला असता.

२१ मार्च, संध्याकाळ
फोरमवर सगळे खोळंबलेत. गुरुजी, तुम्ही खेळलात का, कसा वाटला?
लिहिलं: दोघांनाही फार आवडला.