सर्व्हर स्लो आहे, मी नाही

१५ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. संत्र्याचा सीझन तोंडावर आहे. नरखेडच्या पॅकिंग हाऊसमधून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकचा गेटपास आमच्या रामदासपेठेतल्या ऑफिसमधल्या सर्व्हरवरून निघतो आणि तो सर्व्हर मी सांभाळतो. म्हणजे एका अर्थी ट्रक मीच हाकतो.

सॉफ्टवेअर कंपनीनं होळीच्या सुमारास एक पॅच पाठवलाय. तो टाकला की स्पीड वाढेल म्हणतात. आज टाकणारच होतो, पण मालक मधुकरराव म्हणाले, पितृपक्षात नवीन काही करायचं नाही. मी लगेच मान्य केलं. उशीर झाला तर माझ्यावर यायला नको.

१८ सप्टेंबर
सर्व्हर स्लो. नरखेडहून सुपरवायझर रुपरावांचा फोन. म्हणाले, ‘काहून गा जितूभाऊ, पास काहून निघून नाही राहिला? गाड्या उभ्या हायेत, माल तापून राहिला.’ मी म्हटलं, तुमचं इंटरनेट बघा.

मधुकररावांनी बजावलं: सीझनमध्ये हेच चाललं तर सर्व्हर क्लाऊडवर जाईल आणि जितेंद्र नरखेडला, गेटवर हातानं पास लिहायला. पंधरा वर्षांच्या सेवेचं हे फळ! फार लागलं मनाला.

पण मी गप्प बसणारा नाही. लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम लिहिला. नाव ‘पहारेकरी’. दर मिनिटाला तो सर्व्हरला विचारतो, बरा आहेस ना? सर्व्हरनं पहिल्या दिवसापासूनचे सगळे पास मोजून उत्तर द्यायचं. उशीर झाला की मधुकररावसाहेबांच्या केबिनमधल्या स्क्रीनवर लाल दिवा. साहेबांना दिसलं पाहिजे की कोणीतरी जागं आहे.

२२ सप्टेंबर
पितृपक्ष संपला. पॅच आज नक्की.

दुपारी: बॅकअप घ्यायला डिस्कवर जागा नाही. कोणीतरी लग्नाचे फोटो ठेवलेत. (माझेच, पण ते दामिनीनं ठेवायला लावले.) दसऱ्याचा मुहूर्त जास्त चांगला.

२६ सप्टेंबर
आणखी स्लो. म्हणून पहारा वाढवला. आता पहारेकरी दर सेकंदाला विचारतो. दिवा लालच. बघा, मी म्हणत नव्हतो?

आज काजलनं पाठीत सुरा खुपसला. ही मुलगी नवीन आली तेव्हा पासवर्ड कसा बदलायचा हे मी शिकवलं. ती भर मीटिंगमध्ये म्हणते, ‘सर, तुमचा पहारेकरीच सर्व्हरले दम घेऊ देऊन नाही राहिला, असं मले वाटते.’ डॉक्टरनं नाडी पाहिली म्हणून कोणाला ताप येतो का? साहेब हसले नाहीत, उलट विचारात पडले. हे जास्त वाईट.

२ ऑक्टोबर, दसरा
सर्व्हरला हळदकुंकू, झेंडूचा हार. माझा लॅपटॉपही पूजेत, बंद, फुलांखाली. मुहूर्तावर पॅच टाकला. रुपरावांनी पास काढून बघितला, बोलता बोलता निघाला! साहेबांनी पेढा दिला.

मग फुलं झटकून लॅपटॉप सुरू केला, पहारेकरी कामाला लावला. दिवा लाल. पास अडकला.

याचा अर्थ पॅच बोगस. कंपनीनं धोका दिला. कडक मेल टाकला.

६ ऑक्टोबर
कंपनीचं उत्तर आलं: ‘पॅच ठीक आहे. तुमच्याकडून कोणीतरी सर्व्हरला सतत एकच प्रश्न विचारत आहे. कृपया थांबवा.’ हे काजलनं लिहून दिलेलं दिसतं. सगळे सामील आहेत.

ठरलं. उद्यापासून आजारी. लॅपटॉप बंद करून घरी आणला. आता पहाऱ्याला कोणी नाही. दोन तासांत हातापाया पडत येतील. मी मात्र सहजासहजी जाणार नाही.

८ ऑक्टोबर
फोन नाही. मोबाईल बिघडला असेल म्हणून दामिनीला स्वयंपाकघरातून रिंग द्यायला लावली. वाजला. ती म्हणाली, बरा आहे फोन, पालक निवडा.

९ ऑक्टोबर, सकाळी
रुपरावांचा फोन! पहिल्याच रिंगला उचलला. आवाज आजारी काढला.

म्हणाले, ‘जितूभाऊ, दोन दिवसांपासून पास पटापट निघून राहिले, एक गाडी थांबली नाही. काय केलं गा तुम्ही? जे केलं ना, तेच करत राहा.’

मी धन्यवाद म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुपारी
मधुकररावांचा मेसेज: ‘तब्येतीले जपा. दिवाळी होईपर्यंत आराम करा. घाई नाही. लॅपटॉप न्यायले काजल येऊन राहिली.’

पंधरा वर्षं. ‘घाई नाही’ म्हणे.

संध्याकाळी
काजल येऊन गेली. दामिनीनं तिला चहा दिला, वर चिवडा दिला, आणि दोघी माझ्या देखत माझ्या तब्येतीवर हसल्या. मी मनात म्हटलं, ने, बघू तुला काय जमतं.

दारातून ती परत वळली. ‘सर, चार्जर?’

आत जाऊन मीच आणून दिला.