सगळी पानं एका मापाची

ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच). भाऊजींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर डॉक्टर बदल. थांबला असेल तर औषध बंद कर, नाहीतर ते सवयीने घेत बसतील. इकडे सगळं ठीक. तुझी लेक तोंड पाडून घरी आली असेल, तर आता माझंही ऐकून घे.

ती आमच्या शहरात हाताने वस्तू घडवणाऱ्यांचं चित्रांचं पुस्तक करते आहे, हे तुला ठाऊकच आहे. त्यात भांडी करणारी मातीवाली, गिटारी बनवणारा दाढीवाला, सायकली जोडणारा आणि पुस्तकं बांधणारी मी. महिनाभर आमच्यात बसून चित्रं काढत होती. मला म्हणाली, "मावशी, जरा हस ना." मी म्हटलं, "दातात दोरा धरलाय, हसू कशाने?" तर तिने दोऱ्यासकट काढलं. (चित्र चांगलं आहे. नाक माझं नाही, तुझं आहे, पण असू दे.)

मग पानांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. नमुन्याची एकच प्रत बांधायची. प्रकाशकाला ती पटली तर पुस्तक निघणार, नाहीतर पोरीचं पहिलंच काम पाण्यात. नेमकी माझ्याकडे शाळेच्या वह्यांची घाई. ती सांगायला लागली, की मावशी, या पानांत एक गंमत आहे. मी म्हटलं, "गंमत नंतर सांग, गठ्ठा ठेव आणि पळ." माझी चूक एवढीच. चूक म्हणायचीच असेल तर.

उघडून बघते तर पानं सगळी लहानमोठी! एक हातभर रुंद, एक वीतभर. मला वाटलं छापखान्याने घोळ घातला (तो माणूस सारखा फोनवर असतो, हाताने काय चाललंय त्याला पत्ता नसतो). आणि वाकडी कड मला बघवत नाही, ताई. दुसऱ्याच्या घरी कॅलेंडर तिरकं दिसलं तरी मी उठून सरळ करते, म्हणून मला कुणी फारसं बोलावत नाही. तेव्हा पानं शिवली, सगळ्यांत लहान पानाचं माप धरलं आणि बाकीची त्याच्या बरोबरीने कापून टाकली. कड अशी झाली की बोट घसरावं.

ती प्रत न्यायला आली तेव्हा कळली गंमत. ज्याची कामाची जागा जेवढी, तेवढं त्याचं पान. सायकलवाल्याची शेड ऐसपैस, म्हणून त्याचं पान सगळ्यांत मोठं. आणि सगळ्यांत लहान कुणाचं? जिन्याखाली बसणाऱ्या माझं. आता सायकलीला एकच चाक आहे. दाढीवाल्याची दाढी आहे, गिटार नाही. मातीवालीचा एक हात उरलाय, तो हवेत काय करतोय कळत नाही. अख्खी फक्त मी.

सायकलवाला दारात येऊन म्हणतो, "काय मावशी, आम्हाला छाटलंत आणि स्वतः तेवढ्या नीट बसलात!" मी म्हटलं, "मेल्या, कापताना मी कड बघते, तोंडं नाही." त्याला पटलं नाही. तुझी लेक तर भांडलीसुद्धा नाही. "राहू दे मावशी," एवढंच बोलली आणि तुझ्याकडे निघाली. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. आता ते घशात अडकलेत.

तर सांगायचं काय, चूक कुणाचीच नाही. लहानमोठी पानं करणं हीच मुळात नसती उठाठेव. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी

ता. क. प्रकाशकाने आठवडाभर थांबतो म्हटलंय. पोरगी पानं पुन्हा छापून घेणार आणि बांधायला कोपऱ्यावरच्या मशीनवाल्याकडे टाकणार, असं ऐकलं. तो शिवत नाही, नुसता चिकटवतो. प्रकाशकाने उघडलं की पानं त्याच्या मांडीवर. तिला म्हणावं, मावशीकडेच दे. लहानमोठी तर लहानमोठी, मी डोळे मिटून बांधीन. मी सांगितलंय असं मात्र सांगू नकोस.

आणखी एक. तिचा भरवसा बसायचा नाही, म्हणून सोबत माझ्या कापायच्या मशीनचं हँडल काढून पाठवलंय. त्याशिवाय पातं हलत नाही. (वह्यांवाले बोंबलतायत, बोंबलू देत.) जड आहे, पायावर पाडून घेऊ नकोस. तिला दाखव आणि कुलपात ठेव. पुस्तक होईपर्यंत मी कितीही मागितलं तरी देऊ नकोस. मागणारच मी.