वार पडेपर्यंत

बाई, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसले आहे, तेही हॉस्पिटलच्या बाकावर, लेकीच्या सोनोग्राफीच्या पाकिटाच्या पाठीमागे. दुसरा कागद हाताशी नव्हता. सकाळी ठाण्यात बाळकुमच्या घरी तिची पाणमोट फुटली, आता दुपारचे दोन वाजत आलेत. मला आत घेत नाहीत. तीस वर्षं बाळंतपणं केली म्हणून सांगितलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, एकच जण अलाउड आहे, आणि सर आत आहेत." सर म्हणजे माझा जावई. त्याला इंजेक्शन बघूनही घेरी येते.

मला भीती वाटते आहे. शेजारी विहीणबाई निवांत जप करतायत, कारण त्यांना आतलं काही कळत नाही. मला सगळं कळतं, तीच पंचाईत आहे. कल्याणच्या आपल्या दहा खाटांच्या प्रसूतिगृहात मी तुमच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही मला एक वही दिली होती. डावीकडे पुस्तकातले शब्द, उजवीकडे बायकांचे. प्लासेंटा म्हणजे वार, कॉर्ड म्हणजे नाळ, पायाकडून येणारं मूल पायाळू, पहिलं दूध म्हणजे चीक. "कळा सोसणाऱ्या बाईला तुझं इंग्रजी काय कामाचं?" तुम्ही म्हणायचात. "तिला समजेल असं बोल, तिची निम्मी भीती तिथेच जाते." तिची जात असेल. माझ्या डोक्यात मात्र त्या वहीतला एकेक शब्द आला की त्याच्यापाठोपाठ एखाद्या बाईचा चेहरा येतो.

शेवटच्या पानावर तुम्ही लाल शाईने लिहिलं होतं: वार पडली, ताटात पसरून पुरी आहे हे डोळ्यांनी बघितलं, की मगच बाहेर ‘मोकळी झाली’ म्हणून सांगायचं. तोवर बातमी नाही. मला तो तुमचा खाक्या वाटायचा. बाळ रडलेलं बाहेर ऐकू जातं, मग लपवायचं काय?

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. पहिलटकरीण होती, माझ्याच वयाची. बाळ झालं, मी दुपटी आणायला बाहेर आले, तर तिच्या सासूने माझा हातच धरला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मोकळी झाली हो, मुलगा आहे." झालं. नवरा, दीर, भाऊ, सगळे पुरुष हसत बाहेर पडले, कोणी पेढ्यांना, कोणी गावी निरोप द्यायला. आत वार अडकून बसली होती. रक्त थांबेना. रक्ताची बाटली आणायला माणूस पाहिजे, तर दारात एकटी म्हातारी सासू. तेव्हा मोबाईल कुठे होते? नवरा सापडेपर्यंत तास गेला. ठाण्याला नेलं, बाई वाचली, पण गर्भाची पिशवी काढावी लागली. तुम्ही ओट्याजवळ उभ्या राहून विचारलंत, "बाहेर कोण बोललं?" मी ताट धूत राहिले. तुमची नजर आयामावशींवर गेली, कारण त्यांना गप्पा मारायची सवय होती. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "जाव दे पोरी, तुजी नोकरी नवीन हाय." त्या रोजंदारीवर होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

आत्ताच जावई बाहेर आला. रडतो आहे, हसतो आहे. "आई, मुलगी झाली." विहीणबाईंनी पिशवीतून पेढ्यांचा डबा काढलासुद्धा. मी विचारलं, "वार पडली का?" तो म्हणाला, "ते काय मला माहीत नाही, पण बाळ मस्त रडलं." आणि गाडीतून बाळाची बॅग आणायला निघाला. मी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. "कुठेही जायचं नाही." तो घाबरला. घाबरू दे. दोन वाजून दहा मिनिटं. पंधरा. मला सारखं वाटतंय, मी केलेलं आज माझ्या लेकीच्या अंगावर येणार. वीस मिनिटं झाली. एक सिस्टर धावत गेली, कशाला ते कोणी सांगत नाही. माझा डावा हात अजून त्याच्या मनगटावरच आहे.

पंचवीस. दार उघडलं. चोवीस-पंचवीस वर्षांची पोर, कोपरापर्यंत ओले हात. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "मावशी, तुम्ही सिस्टर आहात ना? वार पुरी आहे. मी पसरून बघितली. ब्लीडिंग पण नॉर्मल आहे." मी तिला तीनदा विचारलं. तिने तीनदा सांगितलं. मग मी जावयाचा हात सोडला. त्याच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती.

बाई, तेव्हा बाहेर मी बोलले होते, आयामावशी नाही. एवढं मी लिहावं म्हणून तुम्हाला जावं लागलं. हे पाकीट आता लेकीच्या फाइलमध्ये जाईल, तुम्हाला ते पोचणार नाही, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच तुम्हाला लिहिलं. मावशी अजून आहेत. टिटवाळ्याला मुलाकडे असतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांना दुरून बघितलं की मी रस्ता बदलते.